सासूबाईंचा वायरलेसचा वर्ग

आमच्या सासूबाईंना कुणी "जमणार नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं आणि तेव्हापासून मी ते दोन शब्द घरात जपून वापरते. टॅक्सी कंपनीच्या वायरलेसवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. पन्नास ड्रायव्हर कानात ओरडत असताना कुणाला कुठे पाठवायचं ते त्या एका हाताने चहा ढवळत सांगायच्या. निवृत्त झाल्यावर इतर बायका गुडघ्यांबद्दल बोलू लागतात. यांनी दर रविवारी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत नवशिक्यांचा वर्ग सुरू केला, आणि सोफा बाल्कनीत गेला तो गेलाच.

वर्गात येणारे सगळे हौशी वायरलेसच्या परवान्याची परीक्षा पास झालेले, पण हातात वॉकीटॉकी आली की पाचावर धारण बसणारे. एक निवृत्त पोस्टमन, एक ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, नर्स असलेल्या दोघी बहिणी, आणखी चारपाच जण, आणि कोपऱ्यावर कपडे शिवून देणाऱ्या शिवणताई. सासूबाई पुस्तक उघडत नसत. "बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला," त्या म्हणायच्या. "दाबल्या दाबल्या तोंड उघडलंत तर पहिला शब्द कापला जातो."

टेकडीवर पाण्याच्या टाकीशेजारी आमच्या गावच्या वायरलेस क्लबचा रिपीटर आहे. हातातलं यंत्र चार गल्ल्यांपलीकडे पोचत नाही. रिपीटर आपला आवाज उचलतो आणि त्याच क्षणी जोरात पुढे फेकतो, मग सगळं शहर ऐकतं. मात्र आपल्या आवाजाखाली ठरलेला एक बारीक सूर असेल तरच तो दार उघडतो. तो सूर यंत्रात आधी भरून ठेवावा लागतो. हा रिपीटर उभा केला तेव्हा केबलचं भेंडोळं खांद्यावरून टेकडीवर नेलं ते माझ्या सासूबाईंनी, आणि त्या खोलीची किल्ली तेव्हापासून त्यांच्याकडेच होती.

आता घडलं ते सांगते. एका गुरुवारी शिवणताईंनी आपलं यंत्र कापडांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आणि बटण दाबलेलंच राहिलं. एकाचं बटण दाबलेलं असलं की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. शहराने चाळीस मिनिटं शिवणयंत्राची खडखड ऐकली. मग गिऱ्हाइकाशी चाललेल्या गप्पा ऐकल्या. "हा ना? आमच्या क्लबच्या अध्यक्षांचा कोट. वर्षात तिसऱ्यांदा सैल करतेय. आतली शिलाई संपली, माणूस काही संपेना."

मी स्वयंपाकघरात ऐकत होते. हसून हसून माझ्या हातातली बशी फुटली.

अध्यक्ष हसले नाहीत. दोन दिवसांत पत्र आलं. नवशिक्यांना वर्षभर रिपीटर बंद, वर्ग बंद, शिवणताईंचं नाव क्लबातून कमी. सासूबाईंनी लेखी माफी मागितली तर त्यांचं सभासदत्व आणि किल्ली राहील.

त्याच संध्याकाळी शिवणताई सासूबाईंनी दिलेलं यंत्र परत करायला आल्या. "मावशी, हे ठेवून घ्या. रस्त्यात लोक माझ्याकडे बघून हसतात हो," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

"ते तुझ्याकडेच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "मी यंत्रं परत घेत नाही."

उत्तर द्यायला सासूबाई क्लबच्या सभेला गेल्या, मीही गेले. लांब टेबल, सात पुरुष, सात पाण्याचे ग्लास. आमच्यासाठी आठवी खुर्चीसुद्धा नव्हती. सासूबाई उभ्यानेच बोलल्या. "एक विचारू? कुणी तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ बटण दाबलं तर रिपीटर आपोआप गप्प होतो. तसा टायमर मी स्वतः बसवला होता. तो काढला कुणी?"

सगळे ग्लासांत बघू लागले.

"मी काढला," अध्यक्ष म्हणाले. "महत्त्वाचं बोलणं मध्येच तुटायचं."

"म्हणजे तुमची भाषणं. मग त्या चाळीस मिनिटांची चूक तिची की तुमची?"

"बाई, माफी मागताय की नाही?"

त्या रिपीटरवर सासूबाईंचा किती जीव आहे ते मला माहीत होतं. सासरे गेले त्या वर्षी त्या टेकडीवर जाऊन नुसत्या त्याच्या शेजारी बसून राहायच्या. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "माझ्या माणसाला बाहेर काढून मी आत बसणार नाही," म्हणाल्या आणि निघाल्या. जिना उतरताना मी त्यांचा हात धरला, तर माझ्यावरच खेकसल्या.

रविवारी रिपीटरने आमच्यापैकी कुणालाच दार उघडलं नाही. अध्यक्षांनी सूर बदलला होता आणि तो फक्त जुन्या मंडळींना सांगितला होता. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही तर पाच मिनिटांत शोधून काढाल."

"तीन," सासूबाई म्हणाल्या. "पण चोरासारखं शिरायचं नाही. चला, गच्चीवर!"

त्यांनी शहराचा नकाशा अंथरला आणि एकेकाला एकेका गच्चीवर धाडलं. रिपीटर नाही तर नाही, उंचावरून आवाज लांब जातो, थेट बोलायचं. लांबच्याचं ऐकू आलं नाही तर मधल्याने शब्दन् शब्द पुढे सांगायचा. पहिल्या रविवारी नुसता गोंधळ झाला. सगळे एकदम बोलत होते आणि पोस्टमन दुसऱ्याचा निरोप सांगताना त्यात स्वतःचं मत घालत होते. तिसऱ्या रविवारपर्यंत निरोप शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धड पोचू लागला.

शिवणताई यायच्या, ऐकायच्या, पण बटणाला बोट लावायच्या नाहीत. चौथ्या रविवारी आमच्या गच्चीवर सासूबाईंनी हजेरीची वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "आज सगळ्यांची हजेरी तू घे."

"मला जम..." शिवणताई म्हणाल्या. मी डोळे वटारले. त्यांनी पुढचा शब्द गिळला आणि बटण दाबलं.

आवाज कापत होता, पण आला. एक, पोस्टमन, हजर. दोन आणि तीन, नर्स बहिणी, हजर. चौथा बटण दाबायच्या आत एक भारदस्त आवाज घुसला. "अध्यक्ष बोलतोय. हा प्रकार कोण चालवतंय? ताबडतोब बंद करा!"

शिवणताईंनी यंत्र सासूबाईंपुढे धरलं. सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि टेकडीवरच्या टाकीकडे बघत राहिल्या. मला त्यांचा राग आला, खरंच आला. घ्या की हातात, असं ओरडावंसं वाटलं. हजेरी घेणाऱ्याचा शब्द शेवटचा, समोर कुणीही असो, हा वायरलेसवरचा रिवाज मला माहीत होता. पण रिवाज माहीत असणं वेगळं आणि त्या माणसाला तो ऐकवणं वेगळं.

शिवणताईंनी पदराने तोंड पुसलं. बटण दाबलं.

"हजेरी चालू आहे," त्या म्हणाल्या. "मध्ये बोलू नका. तुम्हाला सातवा नंबर दिलाय. तोवर ऐका."

नुसती खरखर. मग चार, हजर. पाच, हजर. सहावा लांबचा होता, तो पोस्टमनच्या तोंडून आला, या वेळी मत न घालता.

"सात," शिवणताई म्हणाल्या.

मग हळूच आवाज आला, "हजर."

आणि अध्यक्षांनी पुढे काही बोलायच्या आत शिवणताईंनी वहीवर खूण केली, बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आठ."