कोरफडीला फूल, आंब्याला पाणी

अंबरपेठच्या आमच्या घराच्या चौकटीला उलटी टांगलेली कोरफड फुलली, तेव्हा मी भाजीची पिशवी खाली ठेवून नुसती बघत राहिले. मुळं वर, पानं खाली, माती नाही, पाण्याचा थेंब नाही. पाडव्याला दोरीनं बांधली ती बांधली, पुन्हा तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि आता दसऱ्याच्या सुमारास त्या लोंबत्या पानांतून एक दांडा निघून, वळून, वर उभा राहिला होता. त्याला पिवळी फुलं. मला धक्काच बसला. खरं सांगायचं तर रागही आला.

रागाचं कारण अंगणात उभं होतं. बंगनपल्ली आंब्याचं कलम. आईनं शेवटच्या आजारपणात ते मागवलं आणि स्वतः खुर्चीवर बसून आप्पांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, लावून घेतलं. त्याला नऊ वर्षं झाली. आप्पा रोज सकाळी अंघोळ करून, बोअरच्या नळाच्या दोन बादल्या त्याच्या बुंध्याशी ओतत. पावसाळा सोडला तर एक दिवस चुकला नाही. झाड हिरवंगार, छपराच्या वर गेलेलं, पानं तर अशी की तोरणासाठी गल्ली आमच्याकडे यायची. पण नऊ वर्षांत मोहोर म्हणून नाही.

दाराला कोरफड टांगायची रीत आईनं शेजारच्या तेलुगू बायकांकडून उचलली होती. घराला नजर लागू नये म्हणून. मला त्यातलं नजरेचं काही पटत नाही, पण झाड म्हणून कोरफड मला फार पसंत. कुणी विचारलं की छोट्या जागेत काय लावावं, तर मी डोळे झाकून कोरफड सांगायची. रेताड माती, ऊन आणि आपला विसराळूपणा, एवढं तिला पुरतं. आपलं पाणी ती पानात भरून ठेवते, कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. आंब्याचे लाड किती! खोल खड्डा, शेणखत, जागा, वर्षानुवर्षं वाट, आणि शेवटी हातावर तुरी.

आप्पांबद्दलही मी असंच कौतुकानं सांगायची. ऐंशीला टेकलेत, पण त्यांना काही म्हणजे काही लागत नाही. सकाळी साडेआठला मी ऑफिसला निघते, डबा झाकून ठेवते, संध्याकाळी येते. तक्रार नाही.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो दिलसुखनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून संक्रांतीनंतर आमच्याकडे राहायला येणार होता. त्याला गाडीसाठी अंगण हवं होतं.

"ताई, ते झाड काय कामाचं आहे सांग. नऊ वर्षं झाली की."

"आईनं लावलंय."

"हौ, मालूम है. पण एक तरी आंबा दिला का त्यानं? संक्रांतीपर्यंत मोहोर आला तर ठेवू. नाही तर तोडू."

मी हो म्हटलं. माझ्या तोंडून हो कसं निघालं, याचं मला आजही नवल वाटतं. आप्पांना आम्ही दोघांनी काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी बाजारातल्या एका गाडीवालीपाशी थांबले. ती कोरफडी, कोहळे, लिंबू-मिरच्या विकते. तिला फुललेल्या कोरफडीचं सांगितलं, तर तिला काहीच वाटलं नाही. मग चिडून आंब्याचं सांगितलं. तिनं विचारलं, पाणी किती घालता? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, रोज दोन बादल्या.

ती हसायलाच लागली. "जाड्यों में बी? नक्को अम्मा! पेट भरा सो झाड फल कायकू देता? दिवाली से पानी बंद करो. सुकने दो. फिर देखो मोहर."

मी तिथंच उभी. मागून कुणीतरी "जरा सरको अम्मा" म्हणून ढकललं तरी हलता येईना. नऊ वर्षं आप्पांनी गुडघे दुखत असताना बादल्या ओतल्या, आणि त्याच पाण्यानं झाड वांझ राहिलं! हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगावं, तर आईचं झाड तुटणार.

मी पळवाट काढली. दिवाळी झाल्यावर अंगणातल्या नळाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आप्पांना सांगितलं, बोअरचं पाणी खाली गेलंय, बाहेरच्या नळाला येणार नाही. ते एवढंच म्हणाले, "हौ का? बरं." इतक्या सहज मानतील असं वाटलं नव्हतं. मी निश्चिंत झाले. रोज ऑफिसला जाताना मान वर करून फांद्यांचे शेंडे बघायची. डिसेंबर उलटत आला तरी शेंड्यांना लालसर पालवीच फुटत होती. थंडी पडली, माती कोरडी असणार, मग हे झाड अजून कसल्या जोरावर पालवतंय?

ते कळलं एका शनिवारी. ऑफिसमधून मी दुपारीच घरी आले. फाटक ढकललं आणि पाहिलं, आप्पा मागच्या न्हाणीघरातून बादली आणताहेत. दोन्ही हातांनी धरलेली, अर्धी भरलेली. चार पावलं टाकायची, बादली टेकवायची, भिंतीला धरून उभं राहायचं, पुन्हा चार पावलं. बुंध्याभोवतीची माती ओलीचिंब होती. ते अर्ध्याच बादलीत अंघोळ करत होते आणि बाकीचं पाणी, मी ऑफिसला गेल्यावर घालायला, झाडासाठी ठेवत होते. तेही त्या थंडीत.

ते पडले असते तर? भीती वाटली की मला ओरडायला येतं, तसं मी ओरडले. "आप्पा! तुमच्या या पाण्यानंच त्याला मोहोर येत नाही! आणि मोहोर आला नाही तर संक्रांतीला झाड तोडणार आहोत आम्ही!"

त्यांनी बादली ठेवली. पाण्याचं ऐकून त्यांचा चेहरा हलला नव्हता. पण 'तोडणार' म्हटल्यावर ते झाडाला धरून हळूहळू आळ्याच्या विटांवर बसले. मला माझीच जीभ हासडावीशी वाटली.

तिथूनच म्हणाले, "पाण्याचं मला ठाऊक आहे गं. रोपवाटिकेवाला दुसऱ्याच वर्षी बोलला होता. थंडीचे दोन महिने पाणी तोडा म्हणून."

"ठाऊक होतं? आणि तरी नऊ वर्षं घालत राहिलात?"

"तुझ्या आईनं सांगितलं होतं, झाडाला पाणी घालत जावा. आंबे यायलाच हवेत असं काही बोलली नव्हती ती."

"अहो, पण दोनच महिने थांबायचं होतं!"

ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी अगदी सोपं विसरले आहे असे.

"दोन महिने," ते म्हणाले, "सकाळी उठून करू काय मी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आवरलंही नाही. आप्पांना काही लागत नाही, असं मी सांगत फिरत होते. कुणाला तर सगळ्या गल्लीला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. त्यानं सामान हलवायला टेम्पो ठरवला होता.

"मोहोर दिसला का ताई?"

"नाही. येणारही नाही."

"मग माणूस बघू का तोडायला?"

"झाडाला हात लावलास तर बघ. गाडी गल्लीत लाव, नाही तर डोक्यावर घे."

तो काहीतरी बोलत होता. मी फोन ठेवला, अंगणात गेले आणि व्हॉल्व्ह उघडला. नळ थोडा खोकला, मग धार लागली. आवाजानं आप्पा काठी घेऊन दारात आले. डोक्यावर ती कोरफड लोंबत होती, फुलं केव्हाच वाळलेली.

"आलं का बोअरला पाणी?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं.