उल्हासला पाजलेली काळी बिअर

विभावरीला बिअर आवडत नसे. तरी २०१६च्या वसंतात तिने जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या आपल्या फ्लॅटमध्ये बिअर करायला घेतली, ती केवळ उल्हासची जिरवायला.

दोघं गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत होते. उल्हास वयाने आणि हुद्द्याने मोठा. ती जर्मनीत नवी आली तेव्हा त्याच्याच घरी उतरलेली. एका गिअरबॉक्समधली घरघर कशामुळे येते, हे तिने सगळा हिवाळा टेस्ट बेंचवर घालवून शोधलं. तिचा मुलगा तापाने फणफणला म्हणून ते मांडायच्या मीटिंगला ती जाऊ शकली नाही, आणि उल्हासने ते स्वतःचं म्हणून मांडलं. लवकरच तो टीमलायटर, म्हणजे टीमचा प्रमुख झाला.

"अगं, टीमचंच काम ना," तो म्हणाला. "तू तर मला बहिणीसारखी."

त्या दिवसापासून तिने त्याला दादा म्हणणं सोडलं.

उल्हासला सगळ्यात जास्त अभिमान होता तो तळघरात स्वतः केलेल्या बिअरचा. दर सप्टेंबरात कंपनीच्या सोमरफेस्टला, उन्हाळी मेळाव्याला, घरगुती बिअरची स्पर्धा असे. बाटल्यांना कागद गुंडाळलेले, कुणाची कुठली ते मतं पडल्यावर कळायचं. दरवर्षी तोच जिंकायचा आणि वर्षभर ऐकवायचा.

"तू तर बिअर पीत नाहीस," तिचा नवरा गुरुदत्त म्हणाला.

"मला प्यायची नाहीये. त्याला पाजायचीये."

तिने ओटमील स्टाउट, म्हणजे ओट्स घातलेली काळी बिअर निवडली. बिअरमध्ये ओट्स हे बिअरच्या जुन्या जर्मन नियमात बसत नाही, म्हणजे उल्हास त्या वाटेला जाणार नाही. पहिल्या वेळी ओट्स इतके पडले की पातेल्यात नुसती खळ झाली. रस गाळणीतून उतरेना. दुसऱ्या वेळी आंबवायची बादली नीट उकळत्या पाण्याने धुतली नाही, बिअर नासली. दोन्ही वेळा सिंकमध्ये ओतताना तिने उल्हासला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग तिने ओट्स कमी घेतले, रव्यासारखे मंद भाजले. भरडलेल्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर, गरम पाण्यात मुरवताना थर्मामीटरवरची नजर हलवली नाही. रस गाळून कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून उकळला, बाथटबमध्ये बर्फात निववला, यीस्ट टाकून बादली बंद केली. दुसऱ्या दिवशी झाकणावरची नळी बुडबुडायला लागली. ऑफिसातून आली की ती आधी तो आवाज ऐकायची. आत काळं काहीतरी तयार होतंय, याने तिला बरं वाटायचं.

सोमरफेस्टला उल्हासने काळ्याभोर बिअरच्या एका ग्लासातून घोट घेतला, मग दुसरा. "वा, हा मुरलेला हात आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं जर्मनमध्ये म्हणाला. "यावर माझं नाव असतं तर मला आवडलं असतं."

मतं मोजून जिंकलेल्या त्या बाटलीवरचा कागद काढला. खाली विभावरीचं नाव होतं.

"घाल की तुझं नाव," तीही जर्मनमध्येच म्हणाली. "गिअरबॉक्सच्या घरघरीवर घातलंस तसं."

कंपनीतले वरिष्ठ साहेब ब्राख्ट यांनी हळूच विचारलं, "म्हणजे काय?" तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी उल्हासला दोन साधे प्रश्न विचारले; त्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

पार्किंगमध्ये त्याने तिला गाठलं. "विभा, चार लोकांसमोर आपल्याच माणसाची अशी लाज काढायची?"

"मीटिंगमध्येही लोक होतेच," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

प्रोजेक्ट तिच्याकडे आला. हिवाळ्यात उल्हासने हॅनोव्हरला नोकरी धरली. जाण्याआधी त्याची बायको स्वरूपा हिने जेवायला बोलावलं. पुरणपोळी करतेय, म्हणाली. गुरुदत्त म्हणाला, "आता सोड ना. बिचारी स्वरूपा."

"तू जा," विभावरी म्हणाली. तो मुलाला घेऊन गेला. ती घरी राहिली, आणि तिला एकदाही वाईट वाटलं नाही.