मोडीच्या पोत्यातला समुद्र

वयाची चाळिशी उलटली तरी मी समुद्र पाहिला नव्हता. तरीही लातूरच्या आमच्या भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर बुडत्या जहाजांवरची माणसं वाचवायची जुनी अवजारं मी खच्चून भरून ठेवली होती. याचा दोष द्यायचाच तर मोडीला द्यावा लागेल. मुंबईकडे जुनी जहाजं फोडली जात, त्यांचं पितळ मोड म्हणून पोत्यांतून आमच्याकडे येई, आणि ते वितळून त्याच्या घागरी, तपेली, तांबे होत. पोती सोडून पितळ निवडायचं काम माझ्याकडे होतं. एकदा हातात एक लांबट कर्णा आला. तोंडाला लावून ओरडलो तर समोरच्या किराणावाल्यानं हातातलं माप टाकलं. तो कर्णा काही मी भट्टीत जाऊ दिला नाही.

मग छंदच लागला. हातानं फिरवायचा धुक्यातला भोंगा, जाड काचेचा दिवा, मुठीएवढी पण कानठळ्या बसवणारी घंटा, पितळी चाकांच्या दोन दांडग्या कप्प्या. कधी पितळाबरोबर भलतंच काहीतरी येई, तेही मी ठेवून घेई. त्यातली एक वस्तू फारच चमत्कारिक होती. बुचाच्या लाकडाचं गोल कडं आणि त्याला खाली शिवलेली जाड कॅनव्हासची भलीमोठी चड्डी!

अप्पा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यावर बसून वर बघत आणि म्हणत, "मोड वितळवायला आणतो का पूजेला मांडायला, ते एकदा सांग बाबा." बायकोचं वेगळंच. तेव्हा दुष्काळ होता आणि आमचा जिल्हा नवा होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या, पण नळाला पाणी कधी येईल ते पाटी लावणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ती आल्यागेल्याला सांगे, "हितं प्यायला पानी न्हाई, अन् आमचे हे बुडनाऱ्यांना वाचवाया निघालेत."

नव्या कचेरीत कोकणातले एक साहेब बदलून आले होते. घागर घ्यायला आले आणि कर्णा बघून थेट माळ्यावर चढले. चड्डीचा उलगडा त्यांनीच केला. किनाऱ्याजवळ जहाज अडकलं की किनाऱ्यावरून त्याच्यापर्यंत दोर टाकत, आणि एकेका माणसाला या चड्डीत बसवून दोरावरून ओढून आणत. मी हरखलो. पण कप्पी हातात घेऊन साहेबांनी डोक्याला हात लावला. "अहो, हिच्यावरचं जहाजाचं नाव कुठं गेलं?"

कुठं जाणार? आम्ही भांडीवाले. पितळ दिसलं की चिंच आणि राख घेऊन बसतो. दर आठवड्याला घासून घासून मी सगळी नावं, सगळे शिक्के पुसून टाकले होते. माल आरशासारखा लखलखत होता आणि कुठल्या जहाजाचा ते देवालाही सांगता आलं नसतं. साहेब गेल्यावर मी चिंचेचं भांडं माळ्यावरून खाली नेऊन ठेवलं. मला खरंच वाईट वाटलं होतं.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी देवणीकडून आलेल्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरनं दुकानात निरोप आणला. अक्काची गाय तलावात रुतली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. देवणीजवळच्या खेड्यात दिलेली. तिच्या लग्नात अप्पांनी देवणी जातीची एक गाय आंदण दिली होती. तिच्याच वंशातली ही शेवटची, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची आणि आता दिवस भरत आलेली. सगळ्यांनी गुरं सरकारी चारा-छावणीत नेली, पण अक्कानं हिला दावणीवरून हलवलं नव्हतं. पाण्याच्या वासानं ती पाझर तलावात उतरली आणि आटत आलेल्या गाळात पोटापर्यंत गेली. निरोपाचं शेवटचं वाक्य होतं, "ते समुद्राचं सामान घेऊन ये म्हनावं."

अप्पा गल्ल्यावरून उठले. म्हणाले, "सगळं घेऊन जा." माझ्या सामानाला त्यांनी पहिल्यांदाच नावं ठेवली नाहीत.

मी कप्प्या, जाड दोर आणि चड्डी एसटीच्या टपावर चढवली. तलावावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाय मान टाकून होती. अक्का तिच्या तोंडाशी गाळातच बसली होती. मला बघून म्हणाली, "ही गेली तर माजं म्हायेरच गेलं बघ."

गायीला चड्डी घालता येत नाही, हे तिथं गेल्यावर कळलं. अक्कानं विळा पुढं केला. मी तो हातात घेऊन उभाच राहिलो. एवढी जपलेली वस्तू, आणि आता तर तिचं काम काय तेही माहीत झालेलं. मग डोळे मिटल्यासारखं करून बुचाचं कडं कापून काढलं आणि मधली शिवण उसवली. कॅनव्हासचा रुंद पट्टा झाला, तो गाळात हात घालून गायीच्या पोटाखालून घेतला. कप्प्या बांधावरच्या बाभळीला बांधल्या आणि गावातल्या गड्यांनी दोर धरला.

दोर ताणला, बाभूळ करकरली, गाय हंबरली, पण हलली नाही. वरून वाळत आलेला गाळ तिच्या पायांभोवती आवळून बसला होता. आणखी ओढलं असतं तर पाय मोडले असते. गड्यांनी दोर सैल केला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. जणू मीच समुद्रावरून आलो होतो!

बांधावरून टँकरचं पाणी घेऊन बाया चालल्या होत्या. टँकर आज आला म्हणजे पुन्हा कधी येईल याची खात्री नसे. त्यांतली एक म्हातारी, अक्काची शेजारीण, थांबली. घडीभर तिनं गायीकडे पाहिलं, मग डोक्यावरची घागर उतरवली, गाळात आली आणि सगळं पाणी गायीच्या पुढच्या पायाशी ओतलं. कुणाला काही विचारलं नाही. तिच्या मागून दुसरी आली, मग तिसरी. गडी हातांनी गाळ कालवू लागले. थोड्या वेळानं आम्ही पुन्हा दोर ओढला, तसा गाळानं मोठा उसासा सोडला आणि गाय आडवी होत काठावर आली. कॅनव्हास तिथंच टरकन फाटला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. अक्का गायीच्या गळ्यात पडून रडत होती आणि मीही नाक पुसत होतो.

त्या दिवशी गावातल्या कितीतरी घरांत चूल पेटली ती उसन्या पाण्यावर.

गाय व्याली, कालवड झाली. पहिल्या चिकाचा खरवस अक्कानं ज्या ज्या घरची घागर रिती झाली होती त्या त्या घरी पाठवला. उरलासुरला मला. कप्प्यांवरचा गाळ मी तसाच ठेवलाय. चिंच लावलेली नाही.

पण माझा जीव त्या म्हातारीच्या घागरीत अडकला होता. माळ्यावर कप्प्यांच्या शेजारी मला ती ठेवायची होती. बारशाच्या थाटात मी दुकानातली कोरी, जड घागर घेऊन तिच्या दारी गेलो.

"मावशी, तुमची जुनी द्या मला. ही नवी घ्या."

तिनं नवी घागर वाजवून पाहिली, आत हात फिरवून पाहिला.

"अन् उद्या कुनाचं काई रुतलं, तर मी पानी कशात नेऊ?" ती म्हणाली. "जुनी न्हाई द्यायची. नवी ठेव हितं, दोन असल्या तर लई बरं."

मी नवी घागर तिच्या उंबऱ्याशी ठेवली आणि रिकाम्या हातानं एसटीला लागलो.