काळ्या गाईचं तांबडं वासरू

गेल्या आठवड्यात एका वासरानं आमच्या घरातली झोप उडवली होती... पण रविवारी सगळं इतकं गोड झालं, की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आमचे हे उचगावात गुरांचे डॉक्टर. पांडूतात्यांच्या काळ्या गाईला यांनीच काळ्या वळूची कांडी भरली होती, म्हणजे कृत्रिम रेतन केलं होतं. गाय व्याली आणि वासरू निघालं चक्क तांबडं!

तात्यांनी भर चौकात आवाज चढवला. "काळ्याला काळं लावलं, मग तांबडं कुठनं आलं? डॉक्टरनं भलतीच कांडी भरलीया!" झालं... गावातून बोलावणी बंद. हे दिवसभर नुसते अंगणात फेऱ्या मारायचे.

मी कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. रविवारी सरळ तात्यांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले.

"या बाई! नवऱ्याची वकिली करायला आलाय व्हय?"

"व्हय," म्हटलं आणि त्यांच्या बायकोकडे, सुशीलाकाकूंकडे, चिंचोके आणि लाल घेवडा मागितला. दोघांच्या मुठीत एकेक चिंचोका, एकेक घेवडा. काकू गाय, तात्या वळू... काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

म्हटलं, प्रत्येक जनावरात रंगाच्या दाण्यांची अशी जोडी असते, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. बीज तयार होताना ही जोडी फुटते. एका बीजात एकच दाणा जातो... कुठला, ते कुणाच्या हातात नाही. आता डोळे मिटून दोघांनी एकेक काढा. एक जरी चिंचोका आला, तर वासरू काळं. दोन्ही घेवडे आले तरच तांबडं.

पहिल्यांदा चिंचोका. मग चिंचोका. पुन्हा चिंचोका!

"बघा, तुमचं शास्त्र बी काळंच म्हणतंय की!" तात्या खूश. म्हटलं, अजून एकदा काढा...

आणि पुढच्या खेपेला दोघांच्या तळहातावर लाल घेवडा.

काकू गाईकडे वळल्या. "बाई, ह्या गाईची आई तांबडीच हुती. माझ्या माहेरची, शाहूवाडीची. ती गेली तवा मला जेवान गेलं न्हाई... म्हंजे ती हिच्यात हुती व्हय?"

"होती. वळूतही तसाच एक घेवडा लपलेला असणार. दोन्ही घेवडे भेटले, म्हणून ती या वासरात दिसली."

काकूंनी वासराच्या मानेला मिठीच मारली. रडत होत्या की हसत होत्या, कळेना.

तात्यांनी हातातला घेवडा खिशात टाकला. मग खाकरून म्हणाले, "धाकटी गाय माजावर आलीया. डॉक्टरास्नी धाडून द्या... आन् च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई म्हणावं."

मी तिथूनच यांना मिस्ड कॉल दिला. परत फोन आला, तेव्हा म्हटलं, "या, तात्यांनी चहाला बोलावलंय..."

हा धडा मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवतेय. माझ्या आईचं काय काय माझ्यात असं गप्प बसलं असेल, हा विचार मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आला. बसू दे... आहे, एवढं कळलं तरी खूप झालं.