दार लावून दिलेला पेपर

रविवार, २६ मे २०२४. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी घराचे पुढचे दार आतून लावले.

आमच्या पळसदेवला दिवसाढवळ्या दार लावण्याची रीत नाही. दार लागलेले दिसले की आत काहीतरी बरे नाही, असे माणसे धरून चालतात. मला हे ठाऊक होते. पण दहा वाजता माझा बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा शेवटचा पेपर होता, समाजशास्त्राचा, आणि तो घरात बसून संगणकावर द्यायचा होता.

माझे वय एकोणसत्तर. इंदापूरच्या एस.टी. स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. मॅट्रिकनंतर शिकणे झाले नाही. जुने गाव तेव्हा धरणात जात होते आणि घराला कमावता हात हवा होता. त्याची तक्रार नाही. निवृत्तीनंतर बाहेरून बारावी केली. सुनेने मागच्या वर्षी फोनवर ऑनलाइन पदवीची जाहिरात दाखवली, मी नाव घातले. वर्ष पार पडले. त्या कॉलेजचे फाटक कोणत्या दिशेला आहे, हे मला आजही माहीत नाही. शेजारी कोण बसले, फळा किती मोठा, घंटा कशी वाजते, यांतले काहीच नाही. तासाला मी इस्त्रीचा सदरा घालून बसत असे. पडद्यावरचे शिक्षक माझ्या मुलाच्या वयाचे होते. मी मोठ्याने ‘हजर’ म्हटले की क्षणभर थांबत आणि मग पुढे शिकवू लागत.

घाई होती ती डोळ्यांमुळे. उजव्या डोळ्याच्या मध्यभागी एक धुरकट डाग बसला आहे. समोर पाहिले तर माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. डाव्यातही तेच सुरू झाले आहे. बारामतीचे डॉक्टर म्हणाले होते, “काका, वाचायचं ते लवकर वाचून घ्या.” पुढच्या मेपर्यंत अक्षर दिसेल, याची हमी त्यांनी दिली नाही. म्हणजे हा पेपर राहिला तर तो पुन्हा देणे नव्हते.

परीक्षेचे नियम कडक होते. समोरचा कॅमेरा चेहऱ्यावर नजर ठेवणार. तोंड वळले, खोलीत आवाज झाला किंवा दुसरे कोणी दिसले, तर इशारा. तिसऱ्या इशाऱ्याला पेपर रद्द, दिलेल्या उत्तरांसह.

खिडकी पडदा ओढून का होईना, उघडी ठेवावी लागली, कारण नेटवर्क तिच्यापाशीच मिळते. म्हणून पत्नीला बाहेर पायरीवर बसवले आणि सांगितले, “कुणी आले तरी बोलायचे नाही. तुझा आवाजसुद्धा त्या यंत्राला चालत नाही.”

“आन् कुणी इचारलं तर? मुकी झाले म्हणू?”

“हाताने खुणाव.”

“लगीन झाल्यापास्नं गप बस म्हणताय. आज सरकारी हुकूमच आणला.” ती पदर सावरून पायरीवर जाऊन बसली.

पेपर सुरू झाला. चार पर्यायांतून एक निवडायचा, एवढेच काम. पण समोर पाहून मला अक्षर दिसत नाही. मान थोडी डावीकडे वळवली की डाग बाजूला सरतो आणि ओळ उमटते. वर्षभर मी असेच वाचत आलो. तिसऱ्या प्रश्नाला पडद्यावर लाल पट्टी आली: चेहरा समोर ठेवा. पहिला इशारा.

मग मान सरळ ठेवून फक्त बुबुळे वळवू लागलो. कपाळ दुखू लागले. अक्षरे तुटक दिसत, म्हणून ती ओठांनी जोडत गेलो. आमच्या शाळेत वाचन मोठ्यानेच शिकवले जाई आणि पुढे नोकरीही गाड्या पुकारण्याची. ओठांबरोबर आवाज कधी निघाला, ते कळले नाही. दुसरी लाल पट्टी. त्यानंतर मी जीभ दातांखाली धरली. सदरा पाठीला चिकटला होता. निम्मे प्रश्न बाकी होते.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. “तात्या! ओ तात्या! हाय का घरात?” शेजारचे आबा. त्यांचा आवाज शेताच्या बांधावरून बांधावर जातो.

हाकेला ओ न देणे मला माहीत नाही. स्थानकात कोणीही विचारावे आणि मी उत्तर द्यावे, यात उभी नोकरी गेली. घशाशी आलेला शब्द मी गिळला. लाल पट्टी आली नाही; अंगणातला आवाज यंत्रापर्यंत पोहोचत नसावा. पुन्हा हाक आली. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “वैनी? काय झालं?” आणि पुढे काही नाही.

ही शांतता मला हाकेपेक्षा जड गेली. आबा गप्प बसणारा माणूस नव्हे. थोड्या वेळाने आणखी पावले वाजली. चपला काढल्याचे आवाज, काहीतरी जड भिंतीला टेकवल्याचा आवाज. मी प्रश्न वाचत होतो. एकच ओळ किती वेळा वाचली, ते सांगता येणार नाही. मग खिडकीच्या बाजूने कुणीतरी हळू बोलले.

“पोरगं कंपनीतनं निघालं म्हणं मोटारसायकलवर.”

“अरारा. एवढ्या उन्हात.”

आणि एक बाई रडू लागली.

माझा मुलगा बारामती एमआयडीसीत कामाला आहे. तिथेच राहतो, कामावर मोटारसायकलने जातो-येतो; रविवारीही पाळी असते. सकाळी कामावर गेलेला माणूस पाळी सुटण्याआधी निघत नाही. माझ्या अंगणात माणसे जमून रडावीत याचे एकच कारण मला सुचले. दुसरेही कारण असू शकते, हे त्या घटकेला डोक्यात आले नाही.

उठलो असतो तर तिसरा इशारा आणि सगळे रद्द. बसून राहणे शक्य नव्हते. उरलेले प्रश्न सोडून पेपर जमा करायचे ठरवले. जमा करण्याचे बटण पडद्याच्या कोपऱ्यात होते. सरळ पाहिले की डागाखाली जाई आणि मान वळवण्याची सोय नव्हती. बोटाने चाचपडत बाण सरकवला. यंत्राने विचारले, नक्की? मी होय दाबले. पुन्हा विचारले, काही प्रश्न राहिले आहेत, तरी नक्की? होय दाबले. ‘उत्तरे मिळाली’ एवढे वाक्य आले. दिलेल्या उत्तरांवर मी जेमतेम उत्तीर्ण झालो, हे निकाल लागल्यावर कळले. त्या क्षणी वर्ष हातचे गेले असेच धरून मी दाराची कडी काढली.

अंगणात दहा-बारा माणसे खाली माना घालून बसली होती. काहींनी टॉवेल डोक्यावर घेतले होते. पत्नी पायरीवर होती. बोलणे निसटू नये म्हणून तिने पदर तोंडात धरला होता. आबांची बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती. भिंतीला कळकाचे दोन हिरवे बांबू टेकवलेले होते, शेजारी कडब्याची पेंढी. तिरडीचे सामान मी ओळखतो.

“पोराला काय झाले?” मी विचारले.

आबा अर्धवट उठले आणि तसेच राहिले. “तात्या… तुमी हायसा?”

“आहे. पोराला काय झाले?”

“त्याला काय झालंय? मीच फोन केला, त्यो तुमच्या मयताला निघालाय!”

मागून कोणीतरी हसू दाबले. आबा चिडले. “मग ओ का दिली न्हाय? दार लावल्यालं, वैनीच्या तोंडात पदर, खुणा करून गप बसा म्हणत्यात. मानसानं समजायचं काय?”

“पेपर चालू होता.”

“कसला पेपर?”

“बी.ए.चा.”

“ह्या वयात बी.ए. केलं की मानूस असाच जातो,” टॉवेलवाल्यांपैकी एक म्हणाला. दुसरा म्हणाला, “जाऊ द्या, तात्यांचं आयुष्य वाढलं.”

पत्नीने पदर तोंडातून काढला. “बोलू का आता?” तिने मला विचारले. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, “मला वाटलं, मी खुणावलं म्हणून गप बसलीसा. म्हणलं, गाव केवढं शहाणं झालं! आन् ही पाठीवरनं हात फिरवून रडतीया, मला वाटलं हिच्याच घरचं कायतरी आसंल.”

“आन् कळक आणल्यालं दिसलं न्हाय व्हय?” आबांनी विचारले.

“कुणाचा तरी मांडव आसंल म्हणलं!”

सगळे हसले. मला हसता आले नाही. मुलगा रस्त्यावर होता, बाप गेला असे समजून. फोन लावला, वाजत राहिला, त्याने उचलला नाही. गाडीवर तो उचलत नाही, हे मीच त्याला शिकवले आहे. पुन्हा लावला. मग फाट्यावर जाऊन उभा राहिलो. डांबर तापले होते. येणारी प्रत्येक मोटारसायकल मला आधी कडेने दिसे, आणि जवळ येईपर्यंत चेहऱ्याच्या जागी डाग. चार-पाच अशा निघून गेल्या. पुढची माझ्यापाशी येऊन थांबली.

त्याने गाडी बंद केली नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, “घरी चल, पाणी पी.” तेव्हा त्याने चावी फिरवली. हेल्मेट काढायला त्याला वेळ लागला.

घरी तांब्याभर पाणी प्याला. सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “साहेबाला सांगून आलोय, तात्या गेले. उद्या काय सांगू?”

“खरे सांग.”

“खरं कोण धरणार?” तांब्या खाली ठेवून त्याने विचारले, “डोळ्याचं कॉलेजला लिहून का न्हाय दिलं तात्या? वाचून दाखवायला मानूस मिळतो. मान वळवली तर कोण काय म्हणलं नसतं.”

ती सोय मला माहीत होती. प्रवेशाच्या वेळीच वाचली होती. मागण्याची सवय नाही, एवढेच उत्तर होते आणि ते मी दिले नाही. म्हणालो, “दुसऱ्या वर्षाला लिहून देऊ.” तो जेवून संध्याकाळी बारामतीला परत गेला. पोहोचल्याचा फोन करायला मी सांगितले होते, त्याने केला.

कळक तसेच उभे होते. आबांना ते घेऊन जा म्हटले तर ते दोन पावले मागे सरले. “न्हाय बा. मयताचं सामान परत घरात न्हेत न्हाईत.” पत्नी म्हणाली, रात्रभर ते भिंतीला दिसता कामा नयेत. मी करवत काढली. दोन्हींचे सारखे तुकडे केले, परसात दोडक्याच्या वेलांच्या आधाराला रोवले आणि सुतळीने आडवे बांधले. अंधार पडू लागला होता. गाठी चाचपूनच मारल्या. मग करवत पुसून खुंटीला लावली.