शिवायचं न्हाई

अंगणवाडीत पोरं बसत नाहीत, सांडतात. एकमेकांच्या मांडीवर, पाठीवर, कुणाचा पाय कुणाच्या ताटात. एक पोरगा येईल त्याचे गाल चाटायचा. एक पोरगी पुढचीची वेणी मुठीत धरल्याशिवाय गाणंच म्हणायची नाही. मार खाऊन रडणाऱ्यांपेक्षा ह्या झोंबाझोंबीनं रडणारी पोरंच माझ्याकडं जास्त.

भीमेच्या अलीकडं आमचा शिरूर तालुका, पलीकडं दौंड. माझं माहेर पलीकडं, सासर आन् नोकरी अलीकडं. दोन्हीकडं लेकरू म्हणजे सगळ्या गावाचं. जो येईल तो गालगुच्चा घेणार, पापा मागणार, उचलणार. लेकरू अंग चोरतंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आलं तरी ‘लाजतंय, लाजतंय’ म्हणून हसतात. मला ह्याचा लई राग. मी ठरवलं, गावाचं गाव बघेल, पण माझ्या हाताखालच्या बावीस पोरांना मी हे शिकवणारच, की दुसऱ्याचं अंग दुसऱ्याचं असतं.

युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन कापल्या, प्रत्येकाला बसायला एकेक बस्कर केलं. टाळ्यांवर एक ओळ बांधली, ‘शिवायचं न्हाई, शिवायचं न्हाई, इचारल्याबिगर शिवायचं न्हाई!’ पोरं अशी रंगली की बास. आठवड्यात तो गाल चाटणारा सुतासारखा सरळ झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पण पोरंच ती. लांबलचक ओळीतला सोपा तुकडा तेवढा घरी घेऊन गेली.

एका सकाळी एका पोरीची आई दारात उभी राहिली. रांजणगावला कंपनीत पॅकिंगला जाते. गावानं ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं, त्यांच्या आळीत राहते. पोरगी साडेचार वर्षांची, माझ्याकडची सगळ्यात गोड गळ्याची.

“ताई, हिचं नाव कमी करा. शिक्रापूरला माझी बहीण हाय, तिकडं घालते.”

“का? काय झालं?”

“काल दुकानापुढं हिनं एका पोराचा हात धरला. त्यो म्हणला, मला शिवायचं न्हाई, बाईंनी सांगितलंय. समद्यांदेखत.”

“अहो, ते तसं नाही! ते गाणं सगळ्यांसाठी...”

“शब्द तुमचाच हाय ना?”

“हाय, पण...”

“माझ्या आजीनं ह्यो शब्द पाणवठ्यावर ऐकला. आईनं दुसऱ्याच्या रानात ऐकला. माझ्या लेकीपतुर येऊ द्यायचा न्हाई, असं मी ठरवलं हुतं. आन् तुम्ही त्यो टाळ्या वाजवून शिकवला.”

खरं सांगते, आधी मला रागच आला. चांगलं करायला गेले आन् ही बया माझ्यावर शिवाशिवीचा ठपका ठेवते! मी भेद करत नाही, सगळ्यांची नाकं ह्याच हातानं पुसते, असं फाडफाड बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आन् पोरीचं बोट धरून निघून गेली.

संध्याकाळी भाकरी थापताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे गं. चार दिवसांनी इसरतील.” त्याच्या त्या ‘जाऊ दे’नं तर माझं डोकंच फिरलं. पण तव्यावरची भाकरी करपली ती वेगळ्याच आठवणीनं. मी तेरा वर्षांची, माहेरी. कावळा शिवला म्हणून महिन्याचे चार दिवस पडवीत बसलेली. धाकटा भाऊ माझ्याकडं धावत यायचा आन् आई आतनं ओरडायची, “शिवू नको तिला!” तो मधेच थबकायचा, पुढं केलेला हात मागं घ्यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आन् माझे तर चारच दिवस. पाचव्या दिवशी न्हायलं की सुटका. त्या शब्दाचा चटका मला ठाऊक होता, तरी पोरांना शिकवायला माझ्या जिभेवर तोच आला. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी तिच्या दारात. म्हटलं, “चुकलं माझं.”

ती अंगण झाडत होती, ती झाडतच राहिली. “माझ्यापुढं कशाला म्हणता? शब्द चारचौघांत शिकवला, चूक बी तिथंच म्हणा. आन् पोरांना इचारायला लावता, तुम्ही कवा इचारता का त्यांना?”

माझं तर रोजचं ठरलेलं. हनुवटी धरून तोंड वर करायचं, नाक पुसायचं, खसाखसा केस विंचरायचे. विचारतंय कोण!

त्याच सकाळी पोषण आहाराची पाकिटं न्यायला घरोघरची माणसं जमली होती. मी पोरांना समोर बसवलं आन् म्हणाले, “बाईंनी चुकीचा शब्द शिकवला. त्या शब्दानं माणसाला लागतं. बाई चुकल्या. आजपासनं इचारायचं, हात लावू का? समोरचा नको म्हणला की हात मागं. रुसायचं न्हाई. आन् बाई बी इचारणार.” पोरांना काय, लगेच मान्य. पण दुकानापुढं तो शब्द बोललेल्या पोराचे आबा पुढं आले. गावातलं बडं घर, सोसायटीत वजन. म्हणाले, “ताई, एवढ्याशा शब्दाचा बाऊ कशाला?”

“आबा, तुम्हाला कुणी कवा म्हणलंय का, शिवू नको म्हणून?”

“न्हाई बा.”

“मग त्यो एवढासा हाय, हे तुम्ही कशावरनं ठरवलं?”

आबांनी पाकीट काखेत मारलं आन् चालू लागले. त्या दिवसापासनं चार घरं माझ्याशी धड बोलेनात. म्हटलं, नका बोलू.

पोरीची आई बी त्या सकाळी पाकिटाला आली होती. म्हणाली, “आठ दिवस बसवते. मग बघू.” कंपनीत तिला दुपारची पाळी होती. रोज सकाळी तासभर दारात उभी राहून बघायची. आत पोरांनी तर विचारून विचारून माझं डोकं उठवलं. बाटलीला हात लावू का, भिंतीला हात लावू का. एकानं मांजरीला विचारलं आन् उत्तराची वाट बघत बसला.

सातव्या दिवशी पर्यवेक्षिका मॅडम येणार होत्या, फोटो काढायचे होते. मी पोरांना आवरायला घेतलं. फणी घेऊन त्या पोरीपुढं बसले. केस नुसते पिंजारलेले.

“विंचरू का?”

“नको.”

“अगं, मॅडम यायच्यात. फोटो हाय.”

“नको म्हणलं ना!”

माझा हात अर्धा पुढं गेलेला. खोटं कशाला बोलू, अस्सा राग आला! वाटलं, एक टपली द्यावी आन् दोन मिनिटांत वेणी घालून मोकळं व्हावं. दारात तिची आई उभी होती. मी फणी खाली ठेवली.

मॅडम आल्या, पोरांच्या रांगा लावल्या आन् तिच्यापाशी थांबल्या. “हिला मागं बसवा बरं. केस विंचरले नाहीत का हिचे?”

“विचारलं होतं मॅडम. ती नको म्हणाली.”

“साडेचार वर्षांच्या पोरीला विचारायचं?”

“हो. आन् ती पुढंच बसणार.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आन् फोटो काढला. पुढच्या रांगेत, मधोमध, ते पिंजारलेलं डोकं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. पोरीला आत सोडलं. आज किती वेळ थांबतेय, म्हणून मी बघत राहिले. “येते ताई,” म्हणाली आन् थांबली नाही.