हँडलचा पाव फेरा

कमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. "मास्तर, मशीन चालूच हाये, अन् हे खाली बसले... उठत नाहीत. बटण कुठं हाये हो?" मी लोधीपुऱ्यात त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी मेन स्विच बंद केला होता. जगन्नाथभाऊ गेले होते. त्याला आता सहा आठवडे होतील.

भाऊ चाळीस वर्षं पॉवरलूमचे जॉबर. बंद पडलेले माग चालू करून देणं हे त्यांचं काम. वडील रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. त्यांच्या आठवणीसाठी हातभर लांबीचं, खरोखर कोळशावर धावणारं इंजिन करायचं, असं भाऊंनी काम सोडल्यावर मनावर घेतलं. हृदय थकलं आहे असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्यामुळे हाताशी वेळ थोडा आहे हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्यासाठी मशिनी हव्या होत्या. ड्रिल मशीन घरात होतंच, मिलिंगचं मशीन त्यांच्या कामाच्या लहानशा खोलीत मावलं नसतं. राहिली लेथ, म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कातायचं मशीन. "सगळ्यात मोठं चाक जिच्यात फिरंल, ती आपली," असं म्हणत ते त्या मापाचं पुठ्ठ्याचं चाक कापून पिशवीत घेऊन हिंडायचे. दुकानदार हसायचे. पोरीला स्थळं पाहताना तरी एवढे जोडे झिजवले होते का, असं त्यांच्यासोबत हिंडताना मीही चिडवायचो.

इंदूरला जुन्या मशिनींच्या एका दुकानात एक लहान हिरवी लेथ सापडली. पुठ्ठ्याचं चाक तिच्यात नेमकं फिरलं. भाऊंनी तिच्या लोखंडी पाटावरून नख फिरवून कुठे झिजलंय का ते पाहिलं, डोळे मिटून चक, म्हणजे कातायची वस्तू पकडणारा गोल जबडा, फिरवला, आणि चेहरा खुलला. तेवढ्यात मी पुढे सरसावलो. आदल्या आठवड्यात मोबाइलवर काहीबाही वाचलं होतं ना! हँडल फिरवून पाहिलं, तर पाव फेरा ते नुसतंच फिरलं, कातायचं हत्यार जागचं हललं नाही. "भाऊ, प्ले आहे हिच्यात. घाई नको." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुठ्ठा पिशवीत ठेवला. "मास्तर म्हणतो तं राहू दे."

पुढची दोन वर्षं आम्ही निर्दोष लेथ शोधत होतो... शेवटी ते एकटेच गेले आणि तीच हिरवी घेऊन आले. इतक्या दिवसांत तिला कुणी नेलंच नव्हतं. मी ओशाळून पाहत राहिलो, तर म्हणाले, "अरे, प्ले कोनत्या मशीनले नसते? हँडल एक फेरा मागं न्यायचं, अन् मंग एकाच बाजूनं पुढं यायचं. तरास देत नाही ते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू मास्तर मानूस. दुकानदारासमोर तुले कसं खोडू?"

माझी अब्रू राखायला त्या माणसाने आपली दोन वर्षं दिली. हे मला अजून सहन होत नाही.

सहापैकी पाच चाकं कातून झाली. सहावं चकमध्ये तसंच आहे. वहिनी तिथे कुणाला हात लावू देत नाहीत, मला मात्र म्हणतात, "तुमीच करा आता." दर रविवारी जातो. खोलीला अजून तेलाचा वास आहे, पुठ्ठ्याचं चाक खिळ्याला टांगलेलं आहे. हँडल धरतो, एक फेरा मागे नेतो. तेवढं जमतं. पुढे यायला हात धजत नाही.